झाकण बंद, लॅपटॉप चालू: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

झाकण मिटलं की लॅपटॉप झोपतो. दुकानातून तो तसाच येतो, कारण बहुतेकांना तेच हवं असतं: काम संपलं, मिटला, बॅगेत टाकला. पण ज्याला लॅपटॉप मॉनिटरला जोडून वापरायचाय किंवा रात्रभर काहीतरी डाउनलोडला लावून झोपायचंय, त्याला ही सोय आडवी येते. ती बदलता येते. विंडोजवर तर दोन मिनिटांचं काम आहे. वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही, पैसे लागत नाहीत.

मग एवढा लेख कशाला? कारण तेवढं एक सेटिंग बदलून थांबलेल्यांच्या दोन तक्रारी हमखास ऐकू येतात. ‘सेटिंग केलं होतं, तरी सकाळी बघतो तर डाउनलोड अर्धवट’ ही एक. ‘बॅगेतून काढला तर हात लावता येईना इतका तापलेला, आणि बॅटरी शून्य’ ही दुसरी. पहिल्या तक्रारीत दोष झोपेच्या टायमरचा असतो. दुसरीत सेटिंग गरजेपेक्षा जास्त सैल केलेलं असतं. म्हणून एक नियम आधीच सांगून टाकतो, पुढचं सगळं त्याच्याच आधाराने आहे: झाकण मिटून लॅपटॉप जागा ठेवायचा तो फक्त चार्जर लावलेला असताना. बॅटरीवर असेल तेव्हा मिटला की झोपू द्या.

आधी कशासाठी हवंय ते बघा

लोक हे साधारण तीन कारणांसाठी करतात. काहींना मोठा मॉनिटर, वेगळा कीबोर्ड आणि माउस लावून लॅपटॉप टेबलाच्या कडेला मिटून ठेवायचा असतो. काहींना रात्रभर चालणारं काम लावायचं असतं: मोठं डाउनलोड, बॅकअप, व्हिडिओ एक्स्पोर्ट. आणि तिसरे म्हणजे ज्यांचा स्क्रीन फुटलाय किंवा बिजागरी मोडलीय आणि दुरुस्तीचा खर्च लॅपटॉपच्या किमतीशी स्पर्धा करतोय. असा लॅपटॉप टीव्हीला जोडून सीपीयूसारखा उत्तम चालतो.

चौथा एक प्रकार आहे, त्यांना खरं तर झाकण मिटायची गरजच नसते. रात्री खोलीत उजेड नको, एवढंच त्यांचं म्हणणं असतं. त्यांनी स्क्रीन एका मिनिटात बंद होईल असं लावावं आणि झाकण उघडंच ठेवावं. विंडोजमध्ये पॉवरचं बटण दाबल्यावर फक्त स्क्रीन बंद व्हावा, असंही बऱ्याच लॅपटॉपवर ठरवता येतं (पर्यायाचं नाव ‘टर्न ऑफ द डिस्प्ले’). उघडा लॅपटॉप मिटलेल्यापेक्षा थंड राहतो, त्यामुळे मिटल्याशिवाय भागत असेल तर मिटूच नका.

मिटल्याचं त्याला कळतं कसं

झाकणाच्या कडेत एक लहानसं चुंबक असतं आणि कीबोर्डच्या बाजूला, बहुतेकदा तळहात टेकतो त्या पट्टीखाली, चुंबकाची जवळीक ओळखणारा सेन्सर. याला हॉल सेन्सर म्हणतात. एडविन हॉल या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये शोधलेल्या परिणामावर तो चालतो. चुंबक जवळ आलं की सेन्सर ‘झाकण मिटलं’ असा निरोप पाठवतो. झोपायचं, बंद व्हायचं की दुर्लक्ष करायचं, हे त्यानंतर विंडोज, मॅक किंवा लिनक्स ठरवतं. आपण बदलणार आहोत तो हा निर्णय. सेन्सरला हात लावायचा नाही.

हे माहीत असलं की एक गूढ आपोआप सुटतं. झाकण उघडं असताना लॅपटॉप अचानक झोपत असेल, तर त्याच्या कडेवर चुंबकाचं फ्लॅप असलेलं फोनचं कव्हर ठेवलंय का, हातात चुंबकी पट्ट्याचं घड्याळ आहे का, तो दुसऱ्या मिटलेल्या लॅपटॉपवर ठेवलाय का, ते आधी बघा. दुरुस्तीला न्यायच्या आधी एवढं तपासायला काहीच जात नाही.

आणि झोपेचे प्रकार. स्लीपमध्ये उघडलेली कामं मेमरीत राहतात, थोडी वीज लागत राहते, उठायला क्षणभर पुरतो. हायबरनेटमध्ये ती कामं डिस्कवर लिहून लॅपटॉप पूर्ण बंद होतो. उठायला वेळ लागतो, पण बॅटरी जवळजवळ खर्च होत नाही. दोन्हींत तुमचं डाउनलोड थांबलेलंच असतं, असं धरून चला.

विंडोज १० आणि ११

स्टार्टमध्ये रोमन अक्षरांत ‘लिड’ टाइप करा. ‘चेंज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ’ असं वर येईल, तेच उघडा. नाही आलं तर लांबचा रस्ता: कंट्रोल पॅनेल, हार्डवेअर अँड साउंड, पॉवर ऑप्शन्स, आणि डावीकडे ‘चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ’. विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्यांत हेच सेटिंग्ज, सिस्टम, ‘पॉवर अँड बॅटरी’ इथेही दिसतं. कुठूनही केलं तरी चालतं.

१. ‘व्हेन आय क्लोज द लिड’ या ओळीसमोर दोन खाने असतात: ‘ऑन बॅटरी’ आणि ‘प्लग्ड इन’.

२. ‘प्लग्ड इन’मध्ये ‘डू नथिंग’ निवडा.

३. ‘ऑन बॅटरी’ला हात लावू नका. तिथे ‘स्लीप’ किंवा ‘हायबरनेट’ असू द्या.

४. खाली ‘सेव्ह चेंजेस’ दाबा. हे विसरून खिडकी बंद केली तर काहीच बदलत नाही.

तिसऱ्या पायरीवर लोक हमखास घसरतात. दोन खाने दिसले की दोन्हीकडे ‘डू नथिंग’ करावंसं वाटतं, एकसारखं दिसतं म्हणून असेल. आणि मग ऑफिसातून निघताना सवयीने मिटलेला लॅपटॉप बॅगेत जागाच राहतो. घरी पोचेपर्यंत पंखा त्याच कोंडलेल्या गरम हवेत फिरत असतो.

नियम पाळला तरी एक फट राहते. झाकण आधीच मिटलेलं आहे, लॅपटॉप मॉनिटरवर चालू आहे, आणि तुम्ही चार्जर काढून तो उचलला. त्या क्षणी तो आपोआप झोपेलच असं धरून चालू नका. टेबलावरून उचलायच्या आधी स्टार्टमधून स्वतः ‘स्लीप’ किंवा ‘शट डाउन’ करा, पॉवरचा दिवा बदलला की मगच बॅग.

आता टायमर. झाकणाचं सेटिंग म्हणजे ‘मिटल्यावर काय करायचं’; त्याशिवाय ‘इतकी मिनिटं कोणी हात लावला नाही तर झोप’ असा स्वतंत्र हुकूम लॅपटॉपला दिलेला असतो. झाकण मिटल्यावर तुम्ही कीबोर्डला हात लावणार नाही हे उघडच आहे, त्यामुळे टायमर पूर्ण होतो आणि तो झोपतो. अर्धवट डाउनलोडचं कारण बहुतेक वेळा हेच. सेटिंग्ज, सिस्टम, पॉवरमध्ये जाऊन ‘स्क्रीन अँड स्लीप’ भागात, चार्जर लावलेला असताना झोपण्याची वेळ ‘नेव्हर’ करा. स्क्रीन बंद होण्याची वेळ वेगळी असते, ती पाच-दहा मिनिटं राहिली तरी बिघडत नाही. स्क्रीन बंद होणं म्हणजे झोपणं नव्हे. बॅटरीवरची झोपेची वेळ इथेही आहे तशीच ठेवा.

रात्रभराच्या कामासाठी आणखी दोन गोष्टी. विंडोज अपडेट मध्यरात्री लॅपटॉप रिस्टार्ट करू शकतं. विंडोज अपडेटच्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘ॲक्टिव्ह अवर्स’ असतात. त्या तासांत तो स्वतःहून रिस्टार्ट होत नाही. जास्तीत जास्त १८ तासांचा पट्टा देता येतो, तेव्हा तो तुमच्या रात्रीवर सरकवा किंवा त्या आठवड्यापुरती अपडेट्स ‘पॉज’ करा. दुसरं वायफाय: डिव्हाइस मॅनेजर, नेटवर्क ॲडॉप्टर्स, तुमच्या वायफायवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ‘पॉवर मॅनेजमेंट’. तिथे वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला परवानगी देणारी खूण असेल तर ती काढा. काही लॅपटॉपवर हा टॅबच नसतो. नसेल तर पुढे चला.

ऑफिसचा लॅपटॉप असेल आणि हे सगळे खाने करडे, न दाबले जाणारे दिसत असतील, तर ते तुमच्या आयटी विभागाने कुलूपबंद केलेत. इंटरनेटवर त्यावरच्या युक्त्या सापडतील. करू नका, आयटीवाल्यांना विचारा. घरून काम करणाऱ्यांसाठी ते बहुतेकदा उघडून देतात.

मिटायच्या आधी कुलूप

आतापर्यंत झाकण मिटलं की लॅपटॉप झोपत होता आणि उघडल्यावर पासवर्ड मागत होता. ‘डू नथिंग’ म्हणजे खरोखरच काही न करणं: लॉकही नाही. कोणीही झाकण उघडलं की तुमची मेल, बँकेचं पान, सगळं जसंच्या तसं समोर. हॉस्टेल, पीजी किंवा ऑफिसात हे परवडणारं नाही. मिटायच्या आधी विंडोजचं बटण आणि ‘एल’ एकत्र दाबायची सवय लावून घ्या. लॉक केल्याने चालू काम थांबत नाही, डाउनलोड होत राहतं. मॅकवर यासाठी कंट्रोल, कमांड आणि ‘क्यू’.

खरंच चालू राहतोय का, ते तपासा

गाणं लावा, झाकण मिटा, गाणं चालू राहिलं तर झालं: ही चाचणी सगळे करतात. ती अर्धीच आहे. आवाज चालू असताना विंडोज झोपेचा टायमर रोखून धरतं, त्यामुळे गाण्याने फक्त झाकणाचं सेटिंग तपासलं जातं. टायमर तपासायचा तर सगळं शांत करून, मिटून, टायमरच्या जुन्या वेळेपेक्षा जास्त वेळ सोडा आणि मग पॉवरचा दिवा पाहा. बहुतेक लॅपटॉपवर जागेपणी तो स्थिर असतो आणि झोपेत मंद लुकलुकतो किंवा विझतो. दिवा झाकणाच्या आत दडलेला असेल, तर लांबलचक बॅकअप लावून सकाळी त्याच्या नोंदीतल्या वेळा बघणं हा दुसरा मार्ग.

ही तपासणी सुट्टीच्या दिवशी दुपारी करा. दुसऱ्या दिवशी प्रोजेक्ट द्यायचाय त्या रात्री पहिल्यांदा करू नका.

मॉनिटर किंवा टीव्ही जोडताना

केबल आधी, झाकण नंतर. एचडीएमआयची केबल लावा, विंडोजचं बटण आणि ‘पी’ दाबा, ‘सेकंड स्क्रीन ओन्ली’ निवडा, चित्र मॉनिटरवर आलं की मिटा. विंडोजमध्ये झाकणाचं सेटिंग न बदलता मिटलंत, तर मॉनिटर जोडलेला असूनही लॅपटॉप झोपेल.

टाइप-सी पोर्टच्या भरवशावर नवा मॉनिटर घ्यायच्या आधी लॅपटॉपच्या पोर्टांची माहिती वाचा. प्रत्येक टाइप-सी पोर्टातून चित्र जात नाही. स्वस्त लॅपटॉपांत तो बऱ्याचदा फक्त डेटासाठी असतो. ज्यातून चित्रही जातं आणि चार्जिंगही होतं असा पोर्ट तुमच्याकडे असेल, आणि मॉनिटर तेवढे वॅट देत असेल, तर एका केबलमध्ये सगळं भागतं. मी स्वतः कोणाला सल्ला देताना पैसे कशावर टाकायचे विचारलं तर अशा मॉनिटरवर टाका म्हणतो. टेबलावरचा अर्धा गुंता तिथेच जातो.

टीव्ही वापरत असाल तर दोन गोष्टी खटकतील. कडा कापल्या जाऊन टास्कबार अर्धा दिसत असेल, तर टीव्हीच्या पिक्चर सेटिंगमध्ये ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ अशा नावाचा पर्याय शोधा. माउसचा बाण अडखळत असेल आणि टीव्ही फोर-के असेल, तर लॅपटॉपचं एचडीएमआय जुनं, १.४ चं असण्याची शक्यता मोठी. ते फोर-के चित्र सेकंदाला ३० वेळाच पाठवू शकतं. डिस्प्ले सेटिंगमध्ये रिझोल्यूशन १०८० वर आणा, बाण लगेच सुधारतो.

झाकण मिटल्यावर आणखी काय काय आत जातं त्याची कल्पना असू द्या. कॅमेरा गेला; ऑनलाइन मीटिंगला वेगळा वेबकॅम हवा. माइक दबतो. बोटाचा ठसा आणि चेहऱ्याने लॉगिन बंद, पिन लक्षात ठेवा. वायफायची अँटेना बहुतेक लॅपटॉपांत स्क्रीनच्या चौकटीत असते, त्यामुळे राउटर लांब असेल तर मिटल्यावर रेंज थोडी पडू शकते. लॅनची केबल ओढता आली तर उत्तम. आणि पॉवरचं बटण! ते बहुधा कीबोर्डपाशीच असतं, म्हणजे बंद लॅपटॉप सुरू करायला झाकण उघडावंच लागतं. काही महागड्या डॉकवर (एका केबलने मॉनिटर, कीबोर्ड वगैरे जोडून देणारा डबा) वेगळं बटण असतं. बाकीच्यांनी रोज बंद करण्यापेक्षा स्लीप करावा. यूएसबी कीबोर्डचं एखादं बटण दाबलं की बहुतेक लॅपटॉप उठतात.

कीबोर्ड निवडताना एक: ब्लूटूथ कीबोर्ड साधारणपणे विंडोज सुरू झाल्यावरच जोडला जातो. विंडोज येण्याआधीच पासवर्ड मागणारा लॅपटॉप असेल, तर तारेचा किंवा छोट्या यूएसबी रिसीव्हरवाला कीबोर्ड घ्या.

मॅकबुक

इथे ॲपलने ठरवलेली एक रीत आहे, तिला ‘क्लोज्ड डिस्प्ले मोड’ म्हणतात. कुठलंही सेटिंग शोधत बसावं लागत नाही. चार्जर लावा, बाहेरचा कीबोर्ड आणि माउस जोडा, मॉनिटर जोडा, त्यावर डेस्कटॉप दिसू लागला की झाकण मिटा. स्क्रीन क्षणभर काळा होऊन सगळं मॉनिटरवर येतं. चार्जर किंवा मॉनिटर नसेल, तर मॅकबुक झोपतं. ज्याला कोणाला ‘मॅकवर हे होत नाही’ असं वाटतं, त्याने बहुधा चार्जर लावलेला नसतो.

टर्मिनलमधल्या (आज्ञा टाइप करून द्यायच्या खिडकीतल्या) ‘कॅफिनेट’ या आज्ञेबद्दल वाचलं असेल. ती टायमरची झोप रोखते, झाकणाची नाही. झाकणाची झोपही बंद करणारी ‘पीएमसेट’ची एक आज्ञा आहे, पण तिला चार्जर लावलाय की नाही याची पर्वा नसते आणि उलट आज्ञा दिल्याशिवाय ती मागे जात नाही. वरचा नियम आठवा. नवख्याने तिच्या वाटेला जाऊ नये. मॉनिटर नसताना मॅकबुक मिटून चालवायचंच असेल, तर मॉनिटर असल्याचा भास निर्माण करणारा एचडीएमआयचा ‘डमी प्लग’ मिळतो, बोटाच्या पेराएवढा. चार्जर आणि हा प्लग, बस्स.

मॉनिटर दोन हवे असतील तर मॉडेल बघून घ्या. एम१ आणि एम२ चिपच्या मॅकबुक एअरला ॲपलच्या म्हणण्यानुसार एकच बाहेरचा मॉनिटर चालतो. २०२४ च्या एम३ एअरला दोन चालतात, पण झाकण मिटलेलं असेल तरच. २०२५ च्या एम४ पासून झाकण उघडं ठेवूनही दोन.

लिनक्स

उबंटू, फेडोरा यांसारख्या बहुतेक लिनक्सांत झाकणाचा निर्णय ‘सिस्टमडी’चा ‘लॉगइंड’ हा भाग घेतो. बाहेरचा मॉनिटर जोडलेला असेल तर तो मुळातच झाकणाकडे दुर्लक्ष करतो, त्यामुळे मॉनिटरवाल्यांना बहुधा काहीच करावं लागत नाही. मॉनिटरशिवाय चालवायचा असेल तर ‘ईटीसी’ फोल्डरमध्ये ‘सिस्टमडी’, त्यात ‘लॉगइंड डॉट कॉन्फ’ ही फाइल प्रशासकाच्या अधिकाराने उघडा. त्यात ‘हँडल लिड स्विच’ने सुरू होणाऱ्या तीन ओळी दिसतील. साधी ओळ तशीच राहू द्या. ‘हँडल लिड स्विच एक्स्टर्नल पॉवर’ असलेल्या ओळीच्या सुरुवातीचं हॅशचं चिन्ह काढा आणि बरोबरच्या चिन्हापुढे जे असेल ते पुसून रोमन अक्षरांत ‘इग्नोर’ लिहा. फाइलीत ही नावं रोमन लिपीत, शब्दांमध्ये जागा न सोडता लिहिलेली असतात. आहेत तशीच राखायची. सेव्ह करून रिस्टार्ट. चार्जर लावलेला असेल तरच जागं राहायचं, हा आपला नियम इथे एका ओळीत आयता मिळतो.

केडीई डेस्कटॉप वापरत असाल तर फाइलीच्या भानगडीत पडू नका. तिथे झाकणाचा ताबा केडीई स्वतःकडे घेतं, म्हणून सिस्टम सेटिंग्जमधल्या ‘पॉवर मॅनेजमेंट’मध्येच बदला. गनोम डेस्कटॉप असेल तर टायमरसाठी सेटिंग्ज, पॉवर, ‘ऑटोमॅटिक सस्पेंड’ बघायला विसरू नका.

क्रोमबुकवर एकच बटण आहे: सेटिंग्जच्या पॉवर भागातलं ‘स्लीप व्हेन कव्हर इज क्लोज्ड’. ते बंद केलं की बॅटरीवरही जागा राहतो, म्हणून काम झालं की परत चालू करा.

उष्णता

लॅपटॉप हवा बहुतेकदा खालून घेतो आणि मागून, बिजागरीपाशी किंवा बाजूने सोडतो. थोडी उष्णता कीबोर्डमधूनही बाहेर जाते. काही गेमिंग लॅपटॉप तर तिथूनही हवा ओढतात. झाकण मिटलं की तेवढी वाट बंद. मेल, लिखाण, डाउनलोड यांनी काही फरक पडत नाही. गेम किंवा तासन्‌तास व्हिडिओ एक्स्पोर्ट मिटून करायचं असेल, तर पहिल्या दिवशी मधूनमधून हात लावून बघा, पंखा सतत किंचाळतोय का ऐका. तसं असेल तर ते काम झाकण उघडून.

कुठे ठेवता हेही बघा. गादी, उशी, सोफा नको; खालची जाळी झाकली जाते. फळी किंवा टेबल, मागे चार बोटं मोकळी जागा. लॅपटॉप उभा धरणारे स्टँड मिळतात, जागा खूप वाचते, पण हवेची भोकं ज्या बाजूला आहेत ती खाली जाणार नाही असं ठेवा. वर पुस्तकं-फायली रचू नका, मिटलेल्या लॅपटॉपवर त्या आपोआप रचल्या जातात. बंद कपाट, टीव्ही युनिटचा दाराचा कप्पा, कुठलीही बॅग: चालू लॅपटॉपसाठी यातलं काहीच नाही.

ॲपल मॅकबुकसाठी वापरण्याच्या जागेचं तापमान ३५ अंशांपर्यंत सांगतं. विदर्भात मे महिन्यात बाहेर पारा ४५ च्या पुढे जातो. कूलर नसलेल्या खोलीत दुपारी मिटलेला लॅपटॉप एक्स्पोर्टला लावणं म्हणजे त्याची परीक्षा बघणं. रात्री लावा.

बॅटरी आणि वीज

सतत चार्जरवर, सतत १०० टक्के, वरून गरम: लिथियम बॅटरी लवकर म्हातारी होण्याची ही पक्की कृती आहे. टेबलावरच राहणाऱ्या लॅपटॉपला ८० टक्क्यांच्या आसपास चार्जिंग थांबवायला सांगा. लेनोव्होच्या व्हँटेज ॲपमध्ये ‘कन्झर्व्हेशन मोड’, असूसच्या मायअसूसमध्ये ‘बॅटरी हेल्थ चार्जिंग’ या नावाने ते मिळतं. डेल आणि एचपीच्या बऱ्याच मॉडेलांत बायॉसमध्येही (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगच्या पानात) असतं.

विजेचा खर्च नगण्य आहे. स्क्रीन बंद असलेला, निवांत लॅपटॉप साधारण १० वॅट खातो असं धरलं, तर महिनाभर चोवीस तास चालवून सात युनिटांच्या आसपास होतात.

वीज जाण्याचा प्रश्न त्याहून मोठा. भारनियमन असो की महावितरणचं देखभालीचं काम, मिटून चालू ठेवलेला लॅपटॉप तेव्हा बॅटरीवर येतो. बॅटरीवरचा टायमर आपण तसाच ठेवलाय, त्यामुळे काही वेळाने तो झोपेल, आणि वीज परत आली तरी बहुधा स्वतःहून उठणार नाही. डाउनलोड करणाऱ्याला हे सोसवतं. पुन्हा सुरू होणारं डाउनलोडर वापरा, झालं. ज्याला वीज गेल्यावरही काम चालू हवंय त्याने बॅटरीवरच्या टायमरची वेळ वाढवावी, ‘नेव्हर’ करू नये. पॉवर ऑप्शन्समधल्या ‘ॲडव्हान्स्ड’ सेटिंगमध्ये, बॅटरी या शीर्षकाखाली ‘क्रिटिकल बॅटरी ॲक्शन’ला ‘हायबरनेट’ आहे ना हेही बघून ठेवा, म्हणजे बॅटरी संपत आल्यावर उघडी कामं डिस्कवर जाऊन वाचतात. आणि लॅपटॉप जागा राहिला तरी राउटर गेलेला असतो, हे लोकांना वीज गेल्यावरच आठवतं. घरी इन्व्हर्टर नसेल तर राउटरपुरता १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो.

सैल सॉकेट हे त्याहून साधं कारण. दोन पिनांचा प्लग रात्रीतून किंचित सरकतो, आपण मात्र सेटिंग तपासत बसतो. हलणाऱ्या एक्स्टेन्शन बोर्डावर रात्रभराचं काम लावू नका.

महिन्यातून एकदा मिटलेला लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून नीट बघा. झाकण पूर्ण बसत नाहीये, टचपॅड वर उचलला गेलाय, तळ डुगडुगतोय, यातलं काही दिसलं तर बॅटरी फुगलेली असू शकते. दाबून बसवायला जाऊ नका, टोचू नका. चार्जर काढा, बंद करा आणि दुरुस्तीला न्या.

स्क्रीन गेलेला लॅपटॉप

यात पंचाईत अशी की सेटिंग बदलायला आधी काहीतरी दिसायला हवं. टीव्ही एचडीएमआयने जोडून लॅपटॉप सुरू करा, विंडोज येईपर्यंत दोन मिनिटं थांबा. लॉगिनचं पान टीव्हीवर आलं नाही, तर स्पेस दाबून आंधळेपणानेच पिन टाइप करा आणि एंटर. मग विंडोजचं बटण आणि ‘पी’ दाबा. कुठला पर्याय निवडलेला आहे ते दिसत नसल्याने खालचा बाण एकदा, एंटर, पाच सेकंद वाट. चित्र नाही आलं तर पुन्हा तेच. ‘डुप्लिकेट’ किंवा ‘एक्स्टेंड’वर पोचलात की टीव्ही उजळतो. त्यानंतर वरच्या विंडोजच्या पायऱ्या जशाच्या तशा.

अशा जुन्या लॅपटॉपांची बॅटरी बऱ्याचदा मेलेली असते. मागच्या खटक्याने निघणारी असेल तर काढून ठेवली तरी चालतं, बहुतेक जुने लॅपटॉप नुसत्या चार्जरवर चालतात. मात्र मग तो डेस्कटॉपसारखाच झाला: वीज गेली की त्याच क्षणी बंद, सेव्ह न केलेलं सगळं गेलं. त्याला इन्व्हर्टरच्या लाइनवरच जागा द्या.